अहल्याबाई होळकर यांची भूतदया व खासगीचा खर्च

[१]

कोणा एका ब्राह्मणानें अहल्याबाई होळकर यांच्या स्तुतीचा एक ग्रंथ रचून तो त्यांच्यापुढें वाचला. बाईंनीं तो शांतपणें ऐकून घेतला. आपण एक दुबळी, पापी स्त्री, एवढ्या स्तुतीस आपण पात्र नाहीं, असें म्हटलें. आणि ग्रंथ नर्मदेंत टाकवून दिला. ग्रंथकाराची पुढें विचारपूसहि केली नाहीं. ही हकीकत सर जॉन माल्कम यानें आपल्या मध्य हिंदुस्थानच्या इतिहासांत नमूद केली आहे. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस ती वाचून हळहळ वाटल्याखेरीज राहणार नाहीं. अठराव्या शतकांतील एक समकालीन ग्रंथ, आणि तो खुद्द चरित्रनायिकेच्याच आज्ञेनें पाण्यांत गेला!

परंतु थोडा विचार केल्यास असें दिसून येईल कीं, नर्मदेनें आपलें फारसें नुकसान केलेलें नाहीं. स्तुतिग्रंथ आश्रित लोक लिहितात, व त्यांतील विशेषणें एकाचीं काढून दुसऱ्यास लाविलीं तरी चालतात. मनुष्याचा स्वभाव ज्यांत उमटतो ते कागद निराळे असतात. तो पैसा कशावर खर्च करी, कोणाच्या पदरचा करी, आणि तो करतांना कोणाच्या हक्कास जपे, हें ज्यांतून कळतें ते खरे चरित्राचे कागद. अहल्याबाईंच्या अशा एका लहानशा खर्चाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. तो खर्च पांखरांसाठीं केलेला आहे.

[२]

विषय महेश्वरचा असला तरी पुण्याच्या उत्तरेकडील टापूस तो परका नाहीं. चाकणहून नाशिकच्या वाटेनें निघालें म्हणजे खेड, म्हणजे आजचें राजगुरुनगर, लागतें. त्याच तालुक्यांत वाफगांव येथें होळकरांचा भुईकोट आहे. इ. स. १७७६ त यशवंतराव होळकर यांचा जन्म येथें झाला. त्या वर्षीं अहल्याबाई महेश्वरीं राज्यकारभार पाहत होत्या, व यशवंतरावांचे वडील तुकोजी होळकर दौलतीच्या फौजेचे सरदार होते. तेव्हां खेड-चाकणच्या माणसास होळकरांचें घराणें म्हणजे माळव्यांतील कोणी दूरचे संस्थानिक नव्हेत. त्यांचा तट त्याच्या शिवारांत उभा आहे.

याच टापूंतील चाकणच्या संग्रामदुर्गाचें नांव इतिहासांत ठळक आहे. इ. स. १६६० त फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्ताखानाच्या अफाट फौजेपुढें तो किल्ला दोन महिन्यांच्या सुमारास झुंजविला, हें शाळेंतील मुलगाहि जाणतो. वेढ्याचे दिवस आपण मोजतों, मोर्चे कोठें होते याचा वाद घालतों. आणि तें योग्यच आहे. पण त्याच शिवारांतील विहीर कोणी बांधली, वाटेवरचा वड कोणी लाविला, उन्हाळ्यांत पाणपोई कोणाच्या खर्चानें चाले, हें विचारणारा विरळा. अहल्याबाईंचें राज्य हें या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाचें मोठें उदाहरण आहे. त्यांच्या तीस वर्षांच्या अमलाचें सार लढायांत सांपडत नाहीं.

[३]

चरित्राची रूपरेषा वाचकांस विदित आहेच. संदर्भापुरती ती सांगतों. जन्म इ. स. १७२५ त, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील चोंडी येथें, माणकोजी शिंदे यांच्या घरीं. विवाह मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशीं. इ. स. १७५४ त कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव पडले. इ. स. १७६६ त मल्हारराव आलमपुरास वारले, आणि पुढच्याच वर्षीं बाईंचा एकुलता एक मुलगा मालेराव गेला. तेव्हांपासून श्रावण वद्य चतुर्दशी शके १७१७, म्हणजे १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, राज्याची धुरा बाईंकडे होती. फौज तुकोजींकडे व मुलकी कारभार बाईंकडे, अशी वांटणी असे.

कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांस दिली होती. तिचा मुलगा नथ्याबा हा बाईंचा नातू. तो महेश्वरीं आजीच्या छायेंत वाढला, व बाईंचा सर्व जीव त्याच्यावर होता. इ. स. १७९० त तो ऐन तारुण्यांत वारला. वर्षभरानें त्याचा बाप गेला, आणि मुक्ताबाई सती गेली. बाईंनीं मुलीच्या पायां पडून तिला परावृत्त करण्याचा यत्न केला, तो व्यर्थ झाला. चितेपर्यंत बाई स्वतः गेल्या. दोघां ब्राह्मणांनीं त्यांस धरून ठेविलें होतें. नंतर तीन दिवस त्यांनीं अन्न घेतलें नाहीं व तोंडांतून शब्द काढला नाहीं. पति, पुत्र, नातू, जामात व कन्या असें सर्व घर आपल्या डोळ्यांदेखत रिकामें झालेलें या स्त्रीनें पाहिलें, आणि त्यानंतरहि सुमारें चार वर्षें राज्य चालविलें.

[४]

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. माल्कम सांगतो कीं, उन्हाळ्यांत वाटसरूंस पाणी देण्याकरितां बाईंनीं रस्तोरस्तीं माणसें ठेविलीं होतीं. हिंवाळा सुरू होतांच आश्रितांस व अपंगांस कपडे वांटले जात. रानांतील जनावरें, आकाशांतील पांखरें व नदींतील मासे यांसहि अन्नाचा वांटा नेमलेला होता. महेश्वराजवळचा कुणबी भर उन्हांत नांगर धरून असतां बाईंचा चाकर पाणी घेऊन येई, जोत थांबवी, आणि बैलांस पाणी पाजी. आणि शेवटीं तो सांगतो कीं, बाईंनीं कांहीं शेतें विकत घेतलीं होतीं व तीं पांखरांच्या थव्यांनीं झांकून जात. कुणबी आपल्या शेतांतून पांखरें हांकून लावतो तें न्यायानेंच लावतो, कारण त्या दाण्यावर त्याचें पोट आहे, असें बाई म्हणत असत.

या साक्षीचें मोल काय? माल्कम माळव्यांत आला तो महिदपूरची लढाई व मंदसोरचा तह यांच्या सुमारास, म्हणजे इ. स. १८१७-१८ त. त्याचा ग्रंथ इ. स. १८२३ त प्रसिद्ध झाला. बाईंस जाऊन तेव्हां पाव शतक उलटलें होतें. पांखरांच्या शेतांबद्दल त्यानें खरेदीखताचा हवाला दिलेला नाहीं. साक्ष तोंडी आहे. शिवाय त्याची चूक एके ठिकाणीं उघड दिसते. मृत्युसमयीं बाईंचें वय साठ होतें असें तो लिहितो. जन्मसाल १७२५ धरल्यास तें सत्तर येतें. तेव्हां त्याचें प्रत्येक वाक्य डोळे मिटून घेतां येत नाहीं.

तथापि ही साक्ष ग्राह्य धरण्यास तीन कारणें आहेत. पहिलें, पाव शतक हा काळ फार नव्हे. महेश्वरीं बाईंच्या घरांत वाढलेलीं वृद्ध माणसें माल्कमास प्रत्यक्ष भेटलीं होतीं, आणि ज्या कुणब्यांच्या बैलांनीं तें पाणी प्यालें ते कुणबीहि तेव्हां हयात असणें स्वाभाविक आहे. दुसरें, माल्कमास ही भूतदया मुळींच पसंत नव्हती. बाईंचा दयाळूपणा येथें विलक्षण अतिरेकास जाई, अशी प्रस्तावना करूनच तो हें सांगतो. ज्या गोष्टीचें साक्षीदारास कौतुक नाहीं ती तो पदरची रचून घालीत नाहीं, हा साक्षीपुराव्याचा सामान्य नियम आहे. तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. दंतकथा नेहमीं ढोबळ असते. राणी पांखरांस दाणे घाली, एवढ्यावर ती थांबली असती. येथें मात्र खरेदी आहे, आणि खरेदीचें कारणहि आहे. कुणब्याचें पांखरें हांकणें न्याय्य आहे, हा शेरा स्तुतिपाठकास सुचण्यासारखा नाहीं. तो कारभाऱ्याच्या तोंडचा आहे.

[५]

या शेऱ्यांत बाईंच्या राज्यनीतीचें मर्म आहे, असें आमचें मत आहे.

पिकावरचीं पांखरें ही देशावरील शेतकऱ्यास काय आपत्ति आहे हें खेड-चाकणकडील जुन्या माणसांस सांगावयास नको. जोंधळा निसवला कीं शेतांत माळा उभा राहतो, पोरेंबाळें गोफण घेऊन पहांटेपासून त्यावर बसतात, आणि तिन्हीसांजेपर्यंत हाऱ्याहाऱ्या चालतात. एक थवा निसटला तर कणसें रिकामीं होतात. अशा वेळीं धनिणीच्या मनांत पांखरांविषयीं दया उपजली तर ती दोन मार्गांनीं व्यक्त होऊं शकते. एक, हुकूम काढणें कीं पांखरांस कोणीं मारूं नये, हांकूं नये. हा मार्ग सोपा. त्यास एक कागद व एक शिक्का पुरतो. पण त्यांत राजाच्या दयेचा खर्च रयतेच्या कणग्यांतून होतो. दुसरा मार्ग, शेत विकत घेणें, त्याचा पैका मालकास देणें, आणि तें पांखरांस मोकळें सोडणें. बाईंनीं हा दुसरा मार्ग धरला. पांखरूंहि उपाशी राहूं नये आणि कुणब्याचा न्यायहि बुडूं नये, असा त्याचा अर्थ होतो.

हा पैसा कोठून आला असावा? होळकरांच्या संस्थानांत दौलत व खासगी असे दोन भाग होते. इ. स. १७३४ त पेशव्यांनीं मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें खासगी जहागीर करून दिली. पुढें ती अहल्याबाईंकडे आली. दौलतीचा वसूल फौज व मुलूख यांच्या खर्चास लागे; खासगीवर बाईंची मुखत्यारी होती. राज्य हातीं येतांच बाईंनीं घराण्याचा संचित खजिना धर्मकृत्यांकडे संकल्प करून सोडला, असें माल्कम सांगतो. काशीचें विश्वेश्वराचें देऊळ, गयेचें विष्णुपद, सोमनाथाचें नवें देऊळ, ठिकठिकाणचे घाट, बारवा व धर्मशाळा या ज्या बाईंच्या कृति सर्वश्रुत आहेत, त्यांचा उगम या खासगींत आहे. पांखरांचीं शेतेंहि याच पदरांतून घेतलीं गेलीं असावींत, हें अनुमान वावगें होणार नाहीं. थोडक्यांत, दया करावयाची ती आपल्या पदरची, हा बाईंचा दंडक होता.

[६]

एकट्या पांखरांच्या गोष्टीवरून एवढें मोठें अनुमान काढणें धाडसाचें झालें असतें. पण तोच दंडक अन्यत्रहि दिसतो.

इंदुरास एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांची छावणी जवळ होती, व त्या संपत्तींतून कांहीं भाग काढण्याचा त्यांचा विचार झाला. सावकाराची विधवा महेश्वरीं बाईंकडे धांवली. बाईंनीं तिची संपत्ति तिच्याकडे कायम केली, आणि तुकोजींस इंदुरांतून निघून जाण्यास लिहिलें. दुसरी गोष्ट खरगोणची. तेथील दोघां श्रीमंत भावांच्या निपुत्रिक विधवा आपला सर्व पैका आपखुषीनें बाईंस अर्पण करण्यास आल्या. बाईंनीं तो घेतला नाहीं. त्याच गांवीं लोकोपयोगी कामास लावा, असें सांगितलें. त्यांतून खरगोणास नदीचा घाट व गणपतीचें देऊळ झालें. जुन्या राजवटींत निपुत्रिकाचें धन म्हणजे सरकारच्या तोंडांत आपोआप पडणारा घांस. तो दोन्ही वेळां बाईंनीं परत फिरविला.

तिसरें उदाहरण भिल्लांचें. डोंगरवाटांवर भिल्ल वाटसरूंस लुटीत. बाईंनीं त्यांतील पुंडांवर जरब बसविली हें खरें, परंतु मालाच्या ओझ्यामागें थोडासा कर घेण्याचा त्यांचा जुना हक्क, ज्यास भिलकवडी म्हणत, तो काढून घेतला नाहीं. उलट पडीक जमीन त्यांस लावून दिली, आणि त्यांच्या टापूंतील वाटेची राखण व चोरीची भरपाई त्यांच्यावर सोंपविली. लूट बंद झाली, हक्क राहिला. माफक धारा, आणि गांवचे वतनदार व जमिनीचे मालक यांच्या हक्कांविषयीं जवळजवळ सोंवळें वाटावें असा आदर, हें माल्कमनें बाईंच्या कारभाराचें पहिलें तत्त्व म्हणून सांगितलें आहे. पांखरांचें शेत त्याच तत्त्वाचें सर्वांत लहान रूप होय.

[७]

यावर एक आक्षेप नेहमीं येतो, व तो टाळणें बरोबर होणार नाहीं. राज्याचा एवढा पैसा देवळें, घाट, मासे व पांखरें यांवर घालविण्यापेक्षां बाईंनीं फौज वाढविली असती तर होळकरशाहीचें पुढें जें झालें तें टळलें असतें, असें म्हणणारे आजहि आहेत. माल्कमनेंहि हा प्रश्न एका जाणत्या ब्राह्मणास विचारला होता. त्यानें उलट विचारलें कीं, याच्या दुप्पट पैसा फौजेवर घालून बाईंस आपला मुलूख तीस वर्षें इतक्या शांततेंत राखतां आला असता काय? उत्तर समर्पक आहे, पण तें पूर्ण नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. बाईंनंतर दहा वर्षांच्या आंत माळवा पेंढाऱ्यांच्या व घरगुती कलहाच्या तोंडीं गेला. शांतता बाईंच्या व्यक्तीवर उभी होती. ती संस्थेवर उभी राहिली नाहीं. तुकोजींच्या मुलांतील तंटा बाईंस मिटवितां आला नाहीं, आणि ज्या नातवाकडे पाहून त्यांनीं उतारवयांत कांहीं आशा धरली असेल तो आधींच गेला होता.

पण जें संस्थेच्या रूपानें राहिलें तें या खासगीच्याच रूपानें राहिलें, हेंहि विसरतां येत नाहीं. संस्थानें विलीन झाल्यावर इ. स. १९६२ त बाईंच्या देवस्थानांसाठीं व धर्मदायांसाठीं खासगी या नांवाचाच विश्वस्तनिधि स्थापन झाला. त्यावर सार्वजनिक न्यासाचा कायदा लागू होतो कीं नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व इ. स. २०२२ त न्यायालयानें तो लागू होतो असा निर्णय दिला. खासगी ही घराण्याची कीं लोकांची, या प्रश्नाचें उत्तर बाईंनीं आपल्या आचरणानें दोन शतकांपूर्वीं दिलें होतें. ज्या आजीच्या मागें तिचें मूल ना नातवंड कोणीच उरलें नाहीं, तिच्या पदरच्या मिळकतीचे वारस वाटसरू, यात्रेकरू, नांगराचे बैल व जोंधळ्यावरचीं पांखरें हेच ठरले.

[८]

शेवटीं संग्राहक वाचकांस एक विनंति करावयाची आहे. महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें पारसनिसांनीं प्रसिद्ध केलीं. होळकरशाहीचीं साधनें वा. वा. ठाकूर यांनीं इंदुरास छापून काढलीं. राजकारणाची बाजू त्यांमुळें पुष्कळ उजेडांत आली. परंतु जुनें दफ्तर हातीं लागलें कीं आपली नजर आधीं मोर्तबाकडे जाते. शिक्क्याचें पत्र निवडून रुमालांत बांधलें जातें, व किरकोळ जमाखर्चाचे बंद तसेच कोपऱ्यांत पडतात. पाणपोईवरील माणसाचा मुशाहिरा, बैलांस पाणी नेणाऱ्या चाकराची नेमणूक, माशांस कणकेच्या गोळ्या, पांखरांस दाणे, झाडांस आळें करण्याची मजुरी, अशा कलमांस आपण साधन समजत नाहीं. वास्तविक माल्कमच्या तोंडी साक्षीस कागदाचा आधार मिळावयाचा तो अशाच बंदांत.

हिशेबी कागदांतून केवढा इतिहास निघतो याचें उदाहरण आपल्या शेजारींच आहे. चिंचवडच्या देव घराण्याच्या इनामांचे कागद चाळून लॉरेन्स प्रेस्टन या परदेशी अभ्यासकानें त्या संस्थानाचा इतिहास इ. स. १९८९ त ग्रंथरूपानें मांडला. पवनेच्या कांठचें तें गांव तोंपर्यंत कारखान्यांच्या शहराचा भाग होऊन गेलें होतें. इ. स. १९६२ त महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड, भोसरी व मागाहून चाकण हा टापू झपाट्यानें बदलला. शिवारें विकलीं गेलीं, जुने वाडे उतरविले जात आहेत, आणि वाड्याबरोबर माळ्यावरचीं गांठोडींहि खालीं येतात. त्यांतील मोडीचा बंद वाचतां येणारें माणूस घरांत नसलें म्हणजे तो रद्दीच्या वजनांत जातो. होळकरांच्या वाफगांवच्या आसपास, खेडास, चाकणास व मावळांत ज्यांचीं जाणीं-येणीं आहेत त्यांनीं अशा गांठोड्यांवर लक्ष ठेवावें, आणि त्यांत शिक्का न आढळला तरी तीं फेंकूं नयेत.

कोणी म्हणेल, पांखरांच्या दाण्यांचा हिशेब शोधून इतिहासांत कोणती भर पडणार? भर अशी कीं, राजाची दया कोणाच्या पदरची होती हें त्यावरून ठरतें. बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ नर्मदेंत गेला. तो बाईंनाच नको होता. शेताच्या खरेदीचा कागद मात्र कोठें सांपडल्यास त्यावर विकणाऱ्या कुणब्याचें नांव असेल, शेताच्या चतुःसीमा असतील, आणि मोजून दिलेल्या रुपयांचा आंकडा असेल. तेवढ्या एका आंकड्यावरून अहल्याबाईंच्या राज्याविषयीं जें कळेल तें पाण्यांत गेलेल्या पोथीच्या शंभर पानांवरून कळलें नसतें.